किंमत कापली तरी औषधांचं सरकारी बिल का वाढतं?

प्रश्न थोडक्यात असा: सरकारं औषधांच्या किमतींना चाप लावतात, कंपन्यांशी घासाघीस करतात, स्वस्त जेनेरिक औषधं पुढे आणतात. तरीही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांपायी सरकारी तिजोरीतून जाणारा पैसा बहुतेक देशांत वाढतच राहतो. मग हे उपाय नुसते देखाव्याचे आहेत का? आणि खरोखर लागू पडतं ते काय?

देखाव्याचे नाहीत, पण त्यांतले बरेचसे भलत्याच टोकाला धरलेले असतात. औषधयादी समितीवर आणि सार्वजनिक खरेदीच्या वाटाघाटींत माझी बरीच वर्षं गेली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. "या किमतीला हे औषध आम्ही घेणार नाही" असं म्हणायची ताकद ज्या यंत्रणेकडे असते, तिचाच खर्च आटोक्यात राहतो. ती ताकद असली की बाकीचे उपायही चालतात. नसली तर बचतीचे आकडे जाहीर होत राहतात आणि बिल आपल्या वाटेने चढत जातं.

बिलात तीन गोष्टी असतात: एका गोळीची किंमत किती, गोळ्या गेल्या किती, आणि गेल्या त्या कोणत्या. मंत्र्यांचं लक्ष पहिलीवर, कारण किंमतकपातीची घोषणा करता येते. दुसरी लोकांच्या वाढत्या वयाबरोबर चढते, आणि मधुमेह किंवा रक्तदाब जास्त लोकांना वेळेत कळू लागला तर ती चढायलाच हवी. तिसरीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि पैसा जातो तो तिथूनच. जुन्या औषधाचं पेटंट संपून ते स्वस्त होतं, नेमका त्याच सुमारास त्याचा नवा भाऊबंद बाजारात येतो. गुण थोडाफार वेगळा, किंमत कितीतरी पट. प्रिस्क्रिप्शनं हळूहळू तिकडे सरकतात. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक जुन्या औषधाची किंमत उतरूनही एकूण खर्च वाढू शकतो.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण डोळ्यांचं आहे. उतारवयात दृष्टिपटलाचा मधला भाग खराब होण्याच्या आजारावर डोळ्यात इंजेक्शन देतात. अव्हास्टिन हे मूळचं कर्करोगाचं औषध. त्याच कंपनीने त्याचं अगदी जवळचं भावंड डोळ्यांसाठी म्हणून ल्युसेंटिस या नावाने आणलं. अमेरिकेत ल्युसेंटिसच्या एका इंजेक्शनला सुमारे २,००० डॉलर पडत. अव्हास्टिनच्या कुपीतून डोळ्यापुरता डोस भरून घेतला तर तो सुमारे ५० डॉलरना पडे. २०११ साली अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पैशातून झालेल्या चाचणीत दोन्हींमुळे दृष्टीवर होणारा परिणाम सारखाच निघाला. पण अव्हास्टिनला डोळ्यांसाठी अधिकृत मान्यता नव्हती, आणि ती मागण्यात कंपनीला अर्थातच रस नव्हता. इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१४ साली अव्हास्टिनची रोश आणि अमेरिकेबाहेर ल्युसेंटिस विकणारी नोव्हार्टिस या दोन कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड केला. डॉक्टरांना स्वस्त औषधापासून दूर ठेवण्यासाठी दोघींनी संगनमत केलं, असा ठपका होता. इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या बारा स्थानिक आरोग्य मंडळांनी रुग्णांना अव्हास्टिनचा पर्याय देऊ केला, तेव्हा याच आजारावरचं दुसरं महाग औषध विकणारी बायर आणि नोव्हार्टिस कोर्टात गेल्या. २०१८ साली निकाल मंडळांच्या बाजूने लागला. या सगळ्या वर्षांत ल्युसेंटिसच्या किमतीवर दहा टक्के कपात मिळवली असती, तरी तो विजय म्हणून मिरवला गेला असता. खरा फरक चाळीस पटींचा होता आणि तो किमतीच्या तक्त्यात कुठेच दिसत नव्हता.

औषधांच्या निवडीवर थेट काम करणारा उपाय म्हणजे संदर्भ किंमत. जर्मनीने तो १९८९ साली आणला. सारख्या गुणाच्या औषधांचा एक गट करायचा. विमा निधी त्या गटासाठी एक ठरावीक रक्कम देणार. त्याहून महाग औषध हवं असेल, तर वरचा फरक रुग्णाने भरायचा. ऐकायला हे कठोर वाटतं, पण प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या किंमत गपचूप त्या रेषेपर्यंत उतरवतात. फायझरने ते नाकारलं. कोलेस्टेरॉलवरची सगळी स्टॅटिन औषधं एका गटात टाकल्यावर, आपलं अटोर्व्हास्टॅटिन (जर्मनीत त्याचं ब्रँडनाव सॉर्टिस) वेगळ्या लायकीचं आहे, असं म्हणत कंपनीने किंमत तशीच ठेवली. २००५ च्या सुरुवातीला फरक रुग्णांच्या खिशातून जाऊ लागला, आणि जर्मनीतलं सर्वांत खपाचं स्टॅटिन बघता बघता कोसळलं. लोक त्याच गटातल्या स्वस्त सिम्व्हास्टॅटिनकडे वळले.

यावर हमखास येणारा आक्षेप: रुग्णांना औषध बदलायला लावलं तर त्यांचं नुकसान होईल. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९५ पासून हीच पद्धत काही गटांना लावली, आणि तिथल्या रक्तदाबाच्या औषधांवर अभ्यासकांनी नीट पाळत ठेवली. स्वस्त औषधावर गेलेल्यांमध्ये टिकणारं कुठलंच नुकसान दिसलं नाही. ज्याला खरोखर जुनंच औषध हवं, त्याच्यासाठी डॉक्टर कारण देऊन सूट मागू शकत होते. ही खिडकी ठेवणं फार महत्त्वाचं. ती नसली की एका खऱ्या अडचणीतल्या रुग्णाची बातमी होते आणि सगळी योजनाच बुडते.

जेनेरिकबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात वाद उरलेला नाही. पेटंट संपल्यावर चार-पाच उत्पादक आले की किंमत आपोआप पडते. सरकारने फक्त आड येऊ नये, आणि औषधदुकानदाराला मिळणारं कमिशन किमतीच्या टक्केवारीवर बेतू नये, नाहीतर स्वस्त औषध देणं त्याच्याच पोटावर येतं. स्वीडनमध्ये २००२ पासून दुकानदाराने उपलब्ध असलेलं सर्वांत स्वस्त समान औषध द्यायचं असतं, आणि ते कोणतं हे दर महिन्याच्या किमतींवरून ठरतं.

लिहायचं आहे ते उलट्या बाजूबद्दल. नेदरलँड्समध्ये २००८ साली विमा कंपन्यांनी "एका औषधाचा आम्ही एकच ब्रँड देणार, सगळ्यात स्वस्त असेल तो" असं धोरण कडक केलं आणि काही गोळ्यांच्या किमती तीन-चतुर्थांशाहून जास्त घसरल्या. बचत खरी होती. पण एका गोळीवर काही पैसेच सुटत असतील, तर ती बनवणारे कारखाने एकेक करून बाहेर पडतात, आणि उरलेल्या एकात काही बिघडलं की सगळा देश औषधाविना. जर्मनीत २०२२ च्या सुरुवातीला स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन मिळेना. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात लहान मुलांचं तापाचं सिरप मिळेना. शेवटी २०२३ साली कायदा करून मुलांच्या औषधांवरची संदर्भ किंमत काढावी लागली आणि कंपन्यांना भाव वाढवायची मुभा द्यावी लागली. म्हणजे दोन दशकं पिळून घेतलेल्यातलं थोडं परत. माझ्या मते निविदेत विजेता एकच ठेवणं हीच मूळ चूक. इंग्लंडने २०१८ साली ह्युमिराचं पेटंट संपल्यावर वेगळं केलं. संधिवातावरचं हे औषध तिथल्या रुग्णालयांचं सर्वांत खर्चिक औषध होतं, वर्षाला सुमारे ४० कोटी पौंडांचं. त्यांनी देशाचे तुकडे पाडून मागणी ह्युमिरा आणि त्याच्या चार बायोसिमिलर (म्हणजे जैविक औषधाच्या जवळजवळ हुबेहूब नकला) प्रतिस्पर्ध्यांमध्ये वाटली. वर्षाला ३० कोटी वाचतील असं तेव्हा जाहीर झालं, आणि बाजारात पुरवठादारही शिल्लक राहिले. पुढच्या निविदेला बोली लावायला कुणीतरी उरलं पाहिजे, हे खरेदी करणारे फार लवकर विसरतात.

आता रुग्णाच्या खिशाकडे वळू. तिजोरीचा भार हलका करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो रुग्णावर ढकलणं: दर प्रिस्क्रिप्शनमागे शुल्क, किंवा महिन्याला अमुक इतकीच औषधं. अर्थखात्याला हा उपाय फार आवडतो. मला तो सगळ्यांत घातक वाटतो, आणि त्याचं कारण न्यू हॅम्पशायर.

अमेरिकेतल्या या छोट्या राज्याने १९८१ साली गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत नियम केला: महिन्याला फक्त तीन प्रिस्क्रिप्शनांचे पैसे मिळतील. नियम अकरा महिने चालला. स्टीफन सुमराय आणि सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं त्याचा माग काढला. अनेक औषधं घेणाऱ्यांचा औषधवापर जवळजवळ निम्म्यावर आला. कागदावर छान बचत. पण त्यातल्या वृद्ध, दीर्घ आजारी लोकांची वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहांत भरती होण्याची शक्यता न्यू जर्सी राज्यातल्या तशाच लोकांच्या तुलनेत सुमारे दुप्पट झाली. मर्यादा उठल्यावर औषधं पुन्हा सुरू झाली, पण शुश्रूषागृहात गेलेली बहुतेक माणसं घरी परतली नाहीत. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरचा अभ्यास तर आणखी जळजळीत आहे. त्यांच्या औषधांवर जेवढं वाचलं, त्याच्या सतरा पट पैसा मानसिक आरोग्याच्या तातडीच्या आणि इतर सेवांवर वाढला. औषधखात्याने वाचवलं आणि शेजारच्या खात्याने त्याच्या सतरा पट भरलं.

कॅनडातल्या क्युबेकमध्ये १९९६ नंतर रुग्णांचा हिस्सा वाढवला, तेव्हाही हेच दिसलं. लोकांनी गरज नसलेली औषधं जशी सोडली, तशी गरजेचीही सोडली. वृद्धांनी ९ टक्के, सरकारी मदतीवर जगणाऱ्यांनी १४ टक्के अत्यावश्यक औषधं कमी घेतली, आणि इमर्जन्सी विभागातल्या फेऱ्या वाढल्या. कोणतं औषध टाळलं तर चालेल हे रुग्णाला कळावं, ही अपेक्षाच अवाजवी आहे. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शन शुल्क १९५२ पासून, मधली काही वर्षं सोडता, चालू आहे. पण वृद्ध, मुलं, गरोदर स्त्रिया, गरीब यांना सूट देता देता दहातली जवळजवळ नऊ औषधं फुकटच जातात. स्कॉटलंड आणि वेल्सने शुल्क रद्दच केलं. न्यूझीलंडने जुलै २०२३ मध्ये काढलं आणि सरकार बदलल्यावर वर्षभराने पुन्हा लावलं.

डॉक्टरांना बजेट बांधून देण्याचंही तसंच. जर्मनीने १९९३ साली प्रत्येक प्रदेशाच्या डॉक्टरांना मिळून औषधांची मर्यादा घातली, ओलांडली तर वसुली सगळ्यांच्या मानधनातून. पहिल्या वर्षी खर्च झटक्यात उतरला, आणि रुग्णांना तज्ज्ञांकडे व रुग्णालयांत पाठवण्याचं प्रमाण वाढलं. एकाच्या लेखणीची शिक्षा सगळ्यांना, हे कधी अमलात येणारच नव्हतं. २००१ मध्ये ती तरतूद गेली.

म्हणून मी "नाही" वर येतो. वाटाघाटीच्या टेबलावर समोरचा माणूस सुरुवातीलाच एक गोष्ट हेरतो: यांना हे औषध घ्यावंच लागणार आहे का? उत्तर "हो" असेल, तर पुढची सगळी चर्चा चहापाण्यापुरती. ऑस्ट्रेलियाने १९९३ पासून नियम केला की नवं औषध सरकारी यादीत हवं असेल, तर ते पैशाच्या मोबदल्यात पुरेसा गुण देतं हे कंपनीने सिद्ध करायचं. ब्रिटनने १९९९ साली नाइस ही संस्था काढली. रुग्णाला चांगल्या प्रकृतीचं एक वर्ष मिळवून द्यायला २० ते ३० हजार पौंडांहून जास्त लागत असतील तर औषध सहसा नाकारायचं, ही तिची पट्टी बरीच वर्षं चालली. जर्मनीत २०११ पासून नव्या औषधाला जुन्यापेक्षा जास्त गुण नाही असं ठरलं, तर त्याची किंमत जुन्याशी बांधली जाते. काही कंपन्यांनी त्यापेक्षा औषध तिथल्या बाजारातून मागे घेणं पसंत केलं.

सर्वांत कठोर न्यूझीलंडची फार्मॅक. १९९३ साली सुरू झालेली, सरकारी खर्चाची औषधं निवडणारी ही संस्था एका बांधलेल्या रकमेत काम करते. रक्कम संपली की संपली. त्यामुळे प्रत्येक नवं औषध यादीतल्या दुसऱ्या कशाशी तरी स्पर्धा करतं, आणि "हे नवं हवं असेल तर तुमच्याच त्या जुन्या औषधाची किंमत उतरवा" असे जोडसौदे ती सहज करते. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीचा देश मोठ्या देशांपेक्षा कमी दर मिळवतो तो यामुळे. किंमतही मोजावी लागते: नवी औषधं तिथे उशिरा पोचतात, आणि कर्करोगाचे रुग्ण संसदेवर मोर्चे नेतात.

"नाही" टिकवणं हे राजकीयदृष्ट्या फार महाग असतं. फार्मॅकने २००८ साली हर्सेप्टिन या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचा वर्षभराचा उपचार नाकारून नऊ आठवड्यांचा मान्य ठेवला. निवडणूक झाली, आणि नव्या सरकारने तो वर्षभराचा उपचार फार्मॅकला बाजूला सारून स्वतः मंजूर केला. इंग्लंडमध्ये नाइसने नाकारलेल्या कर्करोगाच्या औषधांसाठी २०११ पासून वेगळा निधी काढला गेला. वर्षाला २० कोटी पौंडांपासून सुरुवात झाली आणि २०१६ पर्यंत एकूण खर्च सव्वाशे कोटींच्या वर गेला. नंतरच्या एका पाहणीत त्या निधीतल्या ४७ वापरांपैकी फक्त १८ मध्ये आयुष्य लांबल्याचा ठोस पुरावा सापडला. २०१६ मध्ये हा निधी पुन्हा नाइसच्याच दावणीला बांधला. मला त्या नेत्यांचा राग येत नाही. टीव्हीवर रुग्ण असतो, आणि नाकारलेल्या पैशातून ज्याची शस्त्रक्रिया झाली असती तो माणूस कुणालाच दिसत नाही. पण मग बजेट ओलांडल्यावर आश्चर्य तरी वाटू नये.

किंमत ठरवताना रुग्ण किती असतील याचा अंदाज चुकला तर काय होतं ते जपानने पाहिलं. ऑप्डिव्होला २०१४ साली त्वचेच्या एका दुर्मीळ कर्करोगासाठी मान्यता मिळाली. रुग्ण जेमतेम ४७० धरले होते, म्हणून किंमत भरमसाट ठरली. पुढच्याच वर्षी तेच औषध फुप्फुसाच्या कर्करोगालाही चालू झालं. रुग्ण हजारोंनी वाढले, किंमत तीच. एका डॉक्टरने हिशेब मांडला की ५०,००० रुग्णांना वर्षभर दिलं तर पावणेदोन लाख कोटी येन लागतील. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने किंमत एका फटक्यात निम्मी केली. म्हणून करारात संख्येचा मुद्दा आधीच लिहून घ्यावा: अमुक रुग्णांपुढे दर इतका उतरेल. ऑस्ट्रेलियाने हेपटायटिस सी च्या औषधांबाबत हाच विचार टोकाला नेला. अमेरिकेत सोव्हाल्डीच्या एका गोळीची छापील किंमत १,००० डॉलर होती. ऑस्ट्रेलियाने पाच वर्षांसाठी सुमारे १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर एकरकमी कबूल केले आणि मार्च २०१६ पासून रुग्ण कितीही येवोत, उपचार खुले केले. मग जितके जास्त रुग्ण, तितका दरडोई खर्च कमी. माझ्या पाहण्यातला हा सर्वांत चतुर औषधसौदा आहे. रुग्णांना शोधून काढण्यातच सरकारचा फायदा असावा, अशी रचना सहसा कुणाला सुचत नाही.

हे सगळं वाचताना एक धोका लक्षात ठेवा: छापील किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांचा आता फारसा संबंध उरलेला नाही. बरेच देश शेजारच्या देशातली किंमत पाहून आपली ठरवतात. म्हणून कंपन्या छापील आकडा सगळीकडे चढा ठेवतात आणि खरी सवलत गुप्त करारातून देतात. मीही अशा करारांवर सह्या केल्या आहेत. गुप्ततेच्या बदल्यात दर खरंच चांगला मिळतो. पण मग प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सर्वांत स्वस्त मिळालं, आणि ते तपासायची सोय नाही. २०१९ साली इटलीच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य सभेत प्रत्यक्ष किमती उघड करण्याचा ठराव आला. तो संमत झाला, पण जर्मनी आणि ब्रिटन त्यापासून दूर राहिले, आणि ठराव बंधनकारक नव्हताच.

त्यामुळे सरकारने बचतीचा आकडा जाहीर केला, की मी आधी विचारतो: हा कोणत्या किमतीवर मोजलाय? ताजं उदाहरण अमेरिकेचं. तिथे २००३ च्या कायद्याने वृद्धांच्या मेडिकेअर योजनेला औषधांच्या किमतींची वाटाघाट करायलाच मनाई होती. २०२२ च्या कायद्याने काही औषधांपुरती ती उठली. पहिल्या दहा औषधांच्या ठरलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. त्या छापील किमतीपेक्षा ३८ ते ७९ टक्क्यांनी कमी होत्या आणि मथळे त्याचेच झाले. पण त्या औषधांवर विमा योजनांना आधीपासूनच सवलती मिळत होत्या. त्या वजा केल्यावर, हे दर २०२३ साली असते तर निव्वळ खर्च किती कमी झाला असता, याचा सरकारचाच हिशेब आहे: २२ टक्के.